बुलेटचं इंजिन घरी बांधलं, आता ब्लॉकमधून टिक्-टिक् येतेय. कशाची असेल?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८६ सालची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. बिडाच्या ब्लॉकची, उजव्या पायाच्या गिअरची. बाबांनी नवी घेतलेली. मागची नऊ वर्षं पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. उभी करायच्या आधी निळा धूर काढायची, तेल खायची आणि चढाला खालून ‘ठक ठक’ ऐकू यायचं. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँककडचा सांधा) गेलाय असं तेव्हाच्या मेकॅनिकने सांगितलं आणि विषय तिथेच थांबला.

यंदा उन्हाळ्यात मी इंजिन उतरवलं. क्रँक घरी उघडण्यासारखा नसतो, म्हणून तो लेथवर दिला. त्यांनी फ्लायव्हील उघडून नवी कनेक्टिंग रॉड, नवी क्रँकपिन, फ्लोटिंग बुश असं पूर्ण किट घातलं आणि सेंटर करून दिलं. धाव, म्हणजे फिरताना पडणारी हेल, दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत आहे हे डायल लावून मला दाखवलंही. मेन बेअरिंगं नवीन घातली. ब्लॉक बघून ते म्हणाले, बोअर (पिस्टन वर-खाली होतो ती ब्लॉकमधली नळी) चालेल, होन मारून (आतून दगडाने घासून) पिस्टनच्या रिंगा बदला. तसं केलं. पिस्टन जुनाच आहे, रिंगा नव्या.

बाकीचं घरी, पडवीतच. व्हॉल्व्ह घासून बसवले. टायमिंगचे गिअर ठिपक्याला ठिपका जुळवून लावले, दोनदा तपासले. किटमधली ब्लॉकखालची गॅस्केट फाटकी निघाली, म्हणून ड्रॉइंगच्या कागदाची कापून लावली. ऑइल पंप उघडून चकत्या काचेवर घासून घेतल्या.

चौथ्या किकला चालू झाली. धूर नाही, गळती नाही, खालचा ठोका गेला. पण आता एक नवा आवाज आलाय. कोरडा, धातूचा, टोकदार. काचेच्या बरणीच्या काठावर चमचा वाजवावा तसा टिक्-टिक्. थंड असताना आहे, गरम झाल्यावरही आहे. रेस केल्यावर वाढतो, आणि ॲक्सिलेटर एकदम सोडला की क्षणभर सगळ्यात मोठा होतो.

एकूण वीस मिनिटंही चालवली नसेल. बंद करून ठेवलीय. तीन महिन्यांची मेहनत आहे, चुकून काही मोडू नये असं वाटतं. कुठून सुरुवात करू?

घाटरस्ता | शनिवार, रात्री १०.४०

अभिनंदन आधी! घरी बुलेटचं इंजिन बांधणं सोपं काम नाही.

टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं सेटिंग) बघा. या इंजिनला टॅपेटमध्ये गॅप ठेवायचा नसतो. बरेच जण इतर गाड्यांच्या सवयीने फिलर गेज (फट मापायची पत्री) घालून गॅप ठेवतात आणि मग टिकटिक सुरू होते. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढा. पुशरॉड दोन बोटांत धरून गोल फिरली पाहिजे, पण वर-खाली जराही हलता कामा नये. चेकनट आवळल्यावर पुन्हा एकदा फिरवून बघा, आवळताना सेटिंग सरकतं.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ७.५०

आत्ताच बघितलं. इनटेकची रॉड बरोबर होती, एक्झॉस्टची किंचित सैल होती. दोन्ही लावून घेतल्या. बारीक किटकिट कमी झाली, पण मी म्हणतो तो आवाज तसाच आहे. आता उलट जास्तच स्पष्ट ऐकू येतोय.

रोजची_स्वारी | रविवार, सकाळी ९.०५

काही करू नका हो. नवीन काम आहे. पाचशे किलोमीटर आरामात चालवा, रिंगा बसल्या की आवाज आपोआप जातो. माझ्या गाडीचं असंच झालं होतं.

निवृत्त_टर्नर | रविवार, सकाळी ९.३०

कृपा करून चालवू नका.

कोल्हापुरात उद्यमनगरमध्ये माझी एकतीस वर्षं लेथवर आणि बोअरिंग मशिनवर गेली. रिंगा बसतात त्या धुरासाठी आणि कॉम्प्रेशनसाठी. धातूवर धातू आपटत असेल तर तो आवाज ‘बसत’ नाही. तो एकतर वाढतो, नाहीतर एक दिवस अचानक बंद होतो, आणि बंद होतो तेव्हा आत काहीतरी तुटलेलं असतं.

आता आवाजाबद्दल. आपल्या भाषेत आवाजाला जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे या कामात उपयोगी पडतात, म्हणून घाईने ‘आवाज येतो’ एवढंच म्हणू नये. मेन बेअरिंग गेली तर घरघर येते, ती पायाच्या तळव्याला समजते. बिग एंडचा आवाज ठक् असा जड, खालून, आणि लोड दिला की वाढतो. पिस्टन बोअरमध्ये सैल असेल तर खडखड, सकाळी थंड इंजिनला जास्त, पिस्टन गरम होऊन फुगला की कमी. प्रायमरी चेन सैल असेल तर स्लोवर (ॲक्सिलेटर न देता) डावीकडून खळखळ. टायमिंगच्या गिअरांची बारीक शीळ येते, या इंजिनात ती थोडी असतेच. सायलेन्सरचा पाइप हेडपाशी लीक असेल तर चक् चक्, आणि तो पुष्कळदा टॅपेटसारखाच वाटतो.

तुमचा आवाज गरम झाल्यावर कमी होत नाही, म्हणजे पिस्टनची खडखड नसावी. ॲक्सिलेटर सोडल्यावर वाढतो, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्यावर विचार करून लिहितो. एक सांगा, लेथवाल्यांनी बोअर मापला होता का, की नुसता डोळ्याने बघितला?

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ९.५५

काका, माझ्यासमोर तरी मापला नाही. हाताने चाचपून म्हणाले चालेल.

जयगडचा_नाखवा | रविवार, सकाळी ११.२०

आमची मासेमारीची होडी आहे, इंजिन डिझेल. तुमच्या बुलेटबद्दल मला फार माहिती नाही, पण आवाज शोधायचं एक साधन सांगतो. समुद्रात मेकॅनिक कुठून आणणार? आमच्याकडे हातभर लांब, अंगठ्याएवढी जाड सागाची काठी ठेवलेली असते. एक टोक इंजिनवर टेकवायचं, दुसरं टोक कानाच्या पुढच्या हाडावर दाबायचं. दुसरा कान बोटाने बंद. मग एकेक जागा फिरायची: हेड, ब्लॉकची वरची फिन, मधली फिन, खालचा भाग, दोन्ही बाजूंची कव्हरं. जिथे आवाज टोचतो तिथे तो जन्मतो. बाकी ठिकाणी नुसता घुमतो.

लांब स्क्रू ड्रायव्हरनेही होतं, पण लोखंडातून सगळंच ऐकू येतं. लाकूड गोंगाट थोडा गाळतं. बाही वर करून घ्या, आणि चालू इंजिनच्या फिरत्या भागापासून काठी लांब ठेवा.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १.१०

नाखवादादा, हे फार कामाचं निघालं. कुदळीचा जुना दांडा कापून काठी केली. एवढी वर्षं ही गाडी ऐकतोय, पण आतून पहिल्यांदा ऐकली.

हेडवर आवाज आहे पण बोथट. टॅपेट कव्हरवर जवळजवळ नाही. टायमिंग कव्हरवर गिअरांची शीळ, बाकी स्वच्छ. डाव्या चेनकेसवर थोडी सळसळ. ब्लॉकच्या वरच्या दोन-तीन फिनांच्या उंचीला मात्र तो अक्षरशः कानात टोचतो. पुढच्या बाजूने जास्त, मागून कमी. खाली क्रँककेसवर जवळजवळ नाही.

घाटरस्ता | रविवार, दुपारी १.३०

मग माझी टॅपेटची शंका मागे घेतो.

बर्मिंगहॅमहून | रविवार, दुपारी ३.४५

इकडे रेडिच माझ्या घरापासून जवळ आहे, या इंजिनाचं मूळ गाव. माझ्याकडेही एक मद्रासची बुलेट आहे, भारतातून आणलेली, आणि मी एकदा चांगलाच फसलोय म्हणून लिहितो.

डाव्या चेनकेसमध्ये क्रँकच्या टोकाला अल्टरनेटरचा (वीज तयार करणाऱ्या यंत्राचा) फिरता भाग, रोटर असतो. त्याचा नट सैल झाला किंवा चावीची खाच झिजली तर तो दर फेऱ्याला ठोका देतो आणि तो ठोका क्रँकमधून पूर्ण इंजिनभर फिरतो. मी बिग एंड गेला समजून इंजिन उतरवलं होतं, दोष निघाला रोटरमध्ये. काठीने जागा ब्लॉकची दाखवली असली तरी चेनकेस उघडून खात्री करा, अर्ध्या तासाचं काम आहे. रोटर हाताने हलवून बघा, आणि रोटर-स्टेटरमधली फट चारही बाजूंनी आठ थाऊच्या फिलरने तपासा. कुठे चिकटत असेल तर घासल्याची चमक दिसेल.

दुसरं, बिग एंडला तेल जातंय ना? टायमिंग कव्हरच्या आत कॉर्कचं एक छोटं सील असतं, तेल त्यातून क्रँकमध्ये शिरतं. कव्हर लावताना ते चिरडलं तर नवी क्रँकपिन थोड्याच दिवसांत खराब होते. या आवाजाशी त्याचा संबंध नसेलही. पण इंजिन नुकतं बांधलंय, तेव्हा हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७.३०

चेनकेस उघडली. रोटरचा नट घट्ट, नट अडवणारी पत्री वाकवलेली, जागेवर. आठ थाऊचा फिलर सगळीकडून सारखा जातो. प्रायमरी चेनला सर्वांत घट्ट जागी पाव इंच ढिलाई आहे, म्हणजे बरोबर.

टायमिंग कव्हरवरचा फीडचा प्लग किंचित सैल करून स्लोवर चालवली, तेल लगेच झिरपलं. सायलेन्सरच्या पाइपाला हेडपाशी साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे नाहीत.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि म्हणाले, “हिला काहीतरी टोचतंय.”

पाना_पक्कड | रविवार, रात्री ९.००

मी नाशिकला पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते. तुम्ही फार नेटाने एकेक गोष्ट बाजूला काढताय, वाचून बरं वाटलं.

आता पाना बाजूला ठेवा आणि मोजा. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे एक थंप. कॅम अर्ध्या गतीने फिरतो, म्हणून व्हॉल्व्ह आणि टॅपेटचा प्रत्येक आवाज दर थंपमागे एकदाच येतो. पिस्टन, रॉड, क्रँक, रोटर यांचा आवाज दर थंपमागे दोनदा येऊ शकतो. थंप हाच आपला ताल. एका थंपमागे टिक् किती, हे सांगू शकाल का? कानाला जमत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. मोबाइल ब्लॉकपासून हातभर लांब, स्लो एकसारखा, साधारण ९००वर. दीड-दोन मिनिटं पुरे.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९.४०

कानाला एकच वाटतो, दर थंपमागे एक. रेकॉर्डिंग वर चढवलंय.

घाटरस्ता | रविवार, रात्री ९.५०

एकच? मग पुन्हा व्हॉल्व्हकडेच बोट जातं की!

ध्वनिपट्टी | रविवार, रात्री ११.२५

गाड्यांमधलं मला कळत नाही, माझं काम ध्वनिमुद्रणाचं. पण हे रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितलं. खालचे सूर गाळले, वरचा पट्टा ठेवला, म्हणजे थंप मागे पडतो आणि टिक् उभी राहते.

दोन थंपांत सरासरी १३३ मिलिसेकंद आहेत. मोठी टिक् दर १३३ मिलिसेकंदांनी एकदा येते, कानाला ऐकू येते ती ही. पण दोन मोठ्या टिकांच्या बरोबर मधोमध आणखी एक आहे, खूपच लहान. साधारण ६६-६७ मिलिसेकंदांवर. एखाद-दुसऱ्या वेळी ती दिसत नाही, पण बहुतेक ठिकाणी आहे आणि नेहमी मध्यावरच. ॲक्सिलेटर सोडल्यावर मोठी टिक् आणखी मोठी होते, लहान टिक् पण थोडी वाढते.

याचा अर्थ काय ते तुम्ही सांगा.

पाना_पक्कड | सोमवार, सकाळी ६.४५

ध्वनिपट्टी, तुम्ही जवळजवळ सगळं सांगून टाकलंत. मी रात्रीच वाचलं, पण नीट लिहायचं होतं म्हणून थांबले.

९०० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला १५. एका फेऱ्याला ६६.७ मिलिसेकंद, दोन फेऱ्यांना १३३.३. म्हणजे ही टिक् दर फेऱ्याला होते, फक्त एक आड एक मोठी. कॅमचा दोष असता तर मधली टिक् नसती. इनटेक आणि एक्झॉस्ट अशा दोन्ही व्हॉल्व्हचे आवाज मिसळले म्हणावं, तर त्यांच्यात बरोबर एका फेऱ्याचं अंतर पडत नाही. ते मागे-पुढे पडलं असतं.

काठी सांगते ब्लॉकचा वरचा भाग. म्हणजे पिस्टन अगदी वर पोचतो त्या क्षणी काहीतरी लागतंय. पिस्टन दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा वरून दाबलेल्या हवेचा जोर असतो, पिस्टन आणि रॉड खाली रेटलेली असतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्टला, तेव्हा वर काहीच विरोध नसतो. पिस्टन स्वतःच्या वेगाने उडू बघतो आणि पिस्टन पिन, बिग एंड यांच्यात जी काही केसभर फट असेल तेवढा जास्त वर जातो. त्या वेळची टिक् मोठी. ॲक्सिलेटर सोडला की सिलिंडरमध्ये हवाच कमी येते, कॉम्प्रेशनचा दाबही उतरतो, म्हणून दोन्ही वेळा पिस्टन जास्त वर उडतो आणि आवाज वाढतो. तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलेलं तेच.

आता प्रश्न उरला, वर काय लागतंय. टर्नरकाका, तुम्ही बोअर मापला का असं विचारलं होतंत. मला वाटतं तुम्ही तिथे आधीच पोचला होतात.

निवृत्त_टर्नर | सोमवार, सकाळी ८.१५

होय ताई. खात्री नव्हती म्हणून बोललो नाही.

कृष्णाकाठ, ऐका. जुन्या बोअरला वरच्या टोकाशी पायरी पडते. वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत बीड झिजतं. त्याच्या वरचा तीन-चार मिलिमीटरचा पट्टा रिंग कधी शिवतच नाही, म्हणून तो मूळ मापाचाच राहतो. मधे जी कड उरते तिलाच आम्ही पायरी म्हणतो. जुनी रिंग आणि जुनी रॉड त्या पायरीच्या खालीच थांबायची, वर्षानुवर्षं तिथेच फिरून तिच्या कडाही गोल झालेल्या. त्यांचं जमलेलं होतं.

तुम्ही काय बदललंत बघा. नवी रॉड, नवं बुश, नवी क्रँकपिन. जुन्या बिग एंडची झीज गेली, पिस्टनची उंची बदलली. नव्या रिंगेची कड चाकूसारखी चौकोनी. आणि तिसरी गोष्ट तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे: ब्लॉकखाली ड्रॉइंगचा कागद! मूळ गॅस्केट केवढी जाड होती? ती जेवढी जाड, तेवढा ब्लॉक वर बसतो. कागद पातळ घातला की ब्लॉक खाली येतो, म्हणजे पिस्टन तेवढाच बोअरमध्ये वर चढतो. आता रिंग पायरीला धडकतेय.

होन मारल्याने पायरी जात नाही. होनचे दगड झिजलेल्या भागावरच फिरतात.

हेड काढा. पिस्टन खाली न्या आणि बोअरच्या वरच्या काठाखाली नख फिरवा. नख अडकलं तर पायरी आहे.

रोजची_स्वारी | सोमवार, सकाळी ८.४०

माझा सल्ला चुकीचा होता, माफ करा. चालवली असती तर काय झालं असतं?

निवृत्त_टर्नर | सोमवार, सकाळी ८.५५

माफी कसली. रिंग बिडाची, ठिसूळ. आपटून आपटून तुटते. तुकडा पिस्टनच्या खाचेत फिरतो, खाच खातो, बोअरला उभ्या रेघा पाडतो. मग ब्लॉकला लायनर (आतून नवी नळी) घालायची पाळी येते.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९.२०

हेड काढलं. नख अडकलं. पुढच्या आणि मागच्या बाजूला चांगलंच, डावी-उजवीकडे कमी. पुढच्या बाजूला पायरीच्या खालच्या कडेला बारीक चकाकणारी रेघ आहे, बाकी बोअरवर होनच्या तिरक्या रेघा मंद, ही मात्र आरशासारखी.

मग ब्लॉकही उतरवला. वरच्या रिंगेची वरची कड पुढच्या बाजूला साधारण तिसरा भाग चमकलेली आहे. रिंग खाचेतून काढताना हातात दोन तुकडे झाले. मोडलेल्या जागेचा अर्धा भाग काळपट होता, अर्धा ताजा. म्हणजे चीर आधीच गेली होती.

जुन्या गॅस्केटचा एक तुकडा डब्यात सापडला, व्हर्निअरने ०.५ मिलिमीटर. माझा ड्रॉइंगचा कागद ०.२. तीन दशांश मिलिमीटरने मी ब्लॉक खाली आणला होता आणि मला ते सुचलंही नव्हतं.

आता ०.५ची गॅस्केट आणि नवीन रिंगा टाकून बांधलं तर चालेल का?

पाना_पक्कड | सोमवार, रात्री ९.४५

आवाज कदाचित जाईल. पण बोअर मापल्याशिवाय ठरवू नका. बोअर गेज नसला तरी रिंगेने मापता येतं. तुटली नाही अशी दुसरी रिंग बोअरच्या अगदी खालच्या, न झिजलेल्या भागात ठेवा, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलरने बघा. मग तीच रिंग पायरीच्या जरा खाली, वरून साधारण पंधरा मिलिमीटरवर ठेवून पुन्हा फट बघा. दोन फटींतला फरक भागिले ३.१४, तेवढी व्यासातली झीज.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७.१०

खाली ०.३० मिलिमीटर. वर ०.९५. फरक ०.६५, म्हणजे झीज ०.२० मिलिमीटरच्या आसपास. फटी तीनदा मोजल्या.

निवृत्त_टर्नर | मंगळवार, सकाळी ८.००

आठ थाऊ. विषय संपला, बोअर मारायलाच हवा. हा बोअर मुळात ७० मिलिमीटरचा, वरती आठ थाऊने मोठा आणि तोही लंबगोल, कारण पिस्टन पुढे-मागे रेटतो. त्यात नवी गोल रिंग कधीच नीट बसणार नाही. जाड गॅस्केटने आवाज झाकाल, तेल पुन्हा खाईल.

वीस साइजचा, म्हणजे वीस थाऊने मोठा पिस्टन घ्या. आधी पिस्टन आणा, मग ब्लॉक बोअरिंगला द्या, पिस्टन सोबत नेऊन. साइजवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, बोअरिंगवाल्याला पिस्टनचा व्यास खाली स्कर्टला मोजू दे आणि पिस्टनसोबतच्या कागदावर लिहिलेली फट ठेवू दे. बिडाला होनच्या रेघा तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या हव्यात. काम झाल्यावर वरची आणि खालची धार कानसीने नाही, बारीक पॉलिश पेपरने किंचित मोडून घ्या, म्हणजे रिंग चढवताना अडकणार नाही. मग ब्लॉक साबण आणि गरम पाण्याने घासून धुवा. रॉकेलने नाही. होनची पूड रॉकेलने निघत नाही, आतच राहते. पांढरं फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत धुवा आणि लगेच तेल लावा, बीड डोळ्यांदेखत गंजतं.

बर्मिंगहॅमहून | मंगळवार, दुपारी २.१०

रिंगांची टोकंही तपासा. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ हा जुना हिशेब, या बोअरला अकरा थाऊच्या आसपास. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात.

कृष्णाकाठ | दोन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६.३०

उशीर झाला, बोअरिंगवाल्यांकडे रांग होती. या वेळी मी मशिनजवळ उभा राहिलो आणि त्यांनीही आनंदाने दाखवलं. पिस्टन वीस साइजचा, बोअर त्याला मापून. ब्लॉक सात वेळा धुतला, सातव्या वेळी फडकं पांढरं राहिलं. रिंगांची टोकं वरची बारा थाऊ, दुसरी अकरा. बेस गॅस्केट ०.५च्या शीटची कापली, तेलाच्या वाटा आणि बोल्टची भोकं पंचाने पाडून. हेड लावायच्या आधी पिस्टनवर दोन ठिकाणी कणकेच्या गोळ्या ठेवल्या, मग हेड बसवून हाताने दोन फेरे फिरवले, व्हॉल्व्ह आणि हेड कुठेच जवळ येत नाही.

आज दुपारी दुसऱ्या किकला सुरू झाली.

काठी लावली. वरच्या फिनांवर आता नुसता एकसारखा घों आवाज आहे. ॲक्सिलेटर सोडून बघितला, पाच वेळा, दहा वेळा. काही नाही. रेकॉर्डिंग वर चढवलंय. ध्वनिपट्टी, एकदा बघाल का?

बाबांनी टाकीवर हात ठेवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “बस मागे,” आणि स्वतः चालवायला पुढे झाले. डॉक्टरांनी मनाई केलेली आहे, म्हणून वाड्याच्या फाटकापर्यंतच नेली आणि परत आणली. चाळीस पावलं असतील.

ध्वनिपट्टी | रविवार, रात्री ८.१०

बघितलं. १३३च्या जागी आता १४०च्या आसपास आहे, म्हणजे स्लो थोडा उतरलाय. दोन थंपांच्या मधली टिक् नाही. मोठीच्या जागी पण काही नाही. एक बारीक, बोथट आवाज दर थंपमागे एकदा दिसतो.

पाना_पक्कड | रविवार, रात्री ८.२५

दर थंपमागे एकदा, म्हणजे तो टॅपेटचा असणार. तेवढा हवाच. तुमच्या या मोजणीचा आलेख मी वर्गात दाखवला तर चालेल का?

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८.३०

जरूर दाखवा ताई. दोन्ही रेकॉर्डिंग पाठवतो.

जयगडचा_नाखवा | रविवार, रात्री ९.००

काठी जपून ठेवा.

निवृत्त_टर्नर | रविवार, रात्री ९.१५

छान काम केलंत. आता पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत, एका वेगाने लांबपर्यंत नको, चढाला खालचा गिअर, इंजिन दाबून ओढू नका. पन्नास किलोमीटरला थंड इंजिनवर हेडचे नट तिरपे-तिरपे पुन्हा आवळा आणि त्यानंतर टॅपेट बघा, कारण हेड बसलं की पुशरॉड घट्ट होतात. तेल पाचशेला बदला, फिल्टरही. काढलेलं तेल फडक्यावर गाळून बघा, काही चमकतंय का.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९.२५

होय काका. पन्नास किलोमीटर शनिवारी नरसोबाच्या वाडीला जाऊन-येऊन होतील. रविवारी सकाळी थंड असताना हेड आवळतो आणि इथे लिहितो.